हजेरीपटावरचे नाव

गेल्या वर्षीच्या आषाढात आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस आठ दिवसांच्या तापाचे निमित्त होऊन वारल्या. दहाव्याच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात शोकसभा झाली. बाहेर पाऊस कोसळत असूनही सभागृह भरले, कारण वाडीतला तिशीच्या आतला जो कोणी मुंबईला गेलेला नव्हता, तो कधी ना कधी त्यांच्या कडेवर बसून व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून आलेला होता. सात जण बोलले. पहिल्या वक्त्याने सांगितले, की त्या मदतनीस नव्हत्याच, या वाडीतल्या सगळ्या मुलांच्या त्या आई होत्या; पुढच्या सहा जणांनी तेच वाक्य थोड्याफार फरकाने म्हटले आणि त्या सहांत मीही होते. सभा संपल्यावर विरारहून आलेली त्यांची मुलगी छत्री उघडता उघडता मला म्हणाली, "बाई, ती सगळ्यांची आवस होती, तर मगे आमची कोण होती?" तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र तेव्हा काही उत्तर देता आले नाही, आणि वर्षभर तो प्रश्न माझ्या मागे आहे.

त्या मदतनीस आणि मी सेविका, अशी आम्ही १९९८ पासून २६ वर्षे एका खोलीत काम केले. दक्षिण कोकणातल्या एका खाडीकाठच्या वाडीवरची ती खोली कौलारू होती, मग तिच्यावर पत्रे आले. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण ते त्यांच्या घरच्यांचे आहे आणि छापण्याची परवानगी मी मागितलेली नाही. पण नाव न लिहिता लिहीत राहणे मला या लेखात फार जड जाते आहे, कारण मला जे म्हणायचे आहे ते नावाशीच बांधलेले आहे. माझे म्हणणे असे, की कामाच्या ठिकाणी एखाद्या बाईला 'आईसारखी' म्हणणे हे आपल्याकडे तिच्या कामाची किंमत न देण्याचे सर्वांत स्वस्त साधन झालेले आहे, आणि ते साधन आपण तिच्या मृत्यूनंतरही खाली ठेवत नाही. सहकारी म्हणून तिची आठवण ठेवायची असेल, तर तिला कामगार म्हणून आठवले पाहिजे. आई म्हणून आठवण्याचा हक्क तिच्या मुलांचा आहे आणि तो आपण शोकसभेत हातोहात उचलून नेतो.

मराठी माणूस कोणाला काय म्हणून हाक मारतो हे एकदा नीट पाहावे. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिका या मॅडम. मी सेविका म्हणून कागदोपत्री ताई आणि वाडीत बाई. मुलांना घरोघरून आणणाऱ्या, खोली सारवणाऱ्या, पुढे फरशी आल्यावर पुसणाऱ्या, पाणी भरणाऱ्या आणि आहार वाढणाऱ्या त्या मात्र मावशी. रुग्णालयात बेडपॅन उचलणारी मावशी, शाळेत खिचडी शिजवणारी मावशी, बसस्थानकात झाडू मारणारी मावशी. ही केवळ बायकांचीच गोष्ट नाही. शाळेचा शिपाई मामा असतो आणि मुलांना रिक्षातून नेणारा काका असतो. ग्रामसेवकाला मात्र भाऊसाहेब म्हणतात, म्हणजे भाऊ असला तरी त्याला साहेब जोडल्याशिवाय चालत नाही. जसजसा पगार खाली उतरतो तसतसे नाते जवळचे होत जाते. जेथे वेतनश्रेणी संपते तेथे मावशी सुरू होते.

या हाकांमध्ये माया नसते असे मी म्हणत नाही. 'माय मरो पण मावशी जगो' अशी म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेत मावशी हा शब्द कोणी हलकेपणाने उच्चारत नाही. पण खऱ्या मावशीला आपल्याकडे काही हक्कही असतात. भाचीच्या लग्नात तिचा मान असतो, तिला साडी नेसवावी लागते, ती आजारी पडली तर भाच्याला जाऊन यावे लागते, आणि न गेल्यास ती चार माणसांत बोलून दाखवू शकते. अंगणवाडीतल्या मावशीला यांतले काय मिळते? नात्याचे नाव घ्यायचे आणि नात्याचे देणे ठेवायचे नाही. नोकरीचे काम घ्यायचे आणि नोकरीचे नाव द्यायचे नाही. दोन्हीकडून जे सोयीचे तेवढे घेण्याची ही रीत आहे.

ही रीत केवळ गावाची असती, तर मी तिच्यावर एवढे लिहिले नसते. तिच्यावर राज्यव्यवस्थेची मोहोर आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि २ ऑक्टोबर २०२५ रोजी तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली. पहिल्या दिवसापासून सेविका आणि मदतनीस या 'मानसेवी' ठरल्या आणि त्यांना जे मिळते त्याला मानधन म्हटले गेले. त्यामागची कल्पना अशी होती, की गावातली एखादी जाणती बाई दिवसातले थोडे तास मुलांसाठी देईल. मुले सांभाळणे बायकांना येतेच, तेव्हा त्याला नोकरी कशाला म्हणायचे? म्हणजे आमच्या शोकसभेतल्या सात वक्त्यांनी जे वाक्य म्हटले, तेच वाक्य सरकारने पन्नास वर्षांपूर्वी जरा कोरड्या भाषेत लिहून ठेवलेले होते. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र सरकारने ठरवलेले मानधन सेविकेसाठी महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये झाले. त्यात राज्ये आपापली भर घालतात हे खरे, पण या दोन आकड्यांचे एकमेकांशी नाते पाहण्यासारखे आहे. मदतनीस ही बरोबर अर्धी सेविका आहे. त्याआधीचे आकडे ३,००० आणि १,५०० होते, म्हणजे मानधन वाढले तरी अर्धेपण सुटले नाही. आमच्या खोलीत सकाळी त्या माझ्याआधी येत आणि माझ्यानंतर जात, हे त्या अर्ध्यात कोठे बसते हे मला कधी कळले नाही. आणि खरे सांगायचे तर २६ वर्षांत मी ते कोणाला विचारलेही नाही.

न्यायालयांपर्यंत हा प्रश्न गेलेला आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांचे पद हे शासकीय नागरी पद नाही असे ठरवले, आणि पुढे कित्येक वर्षे आमच्या प्रत्येक मागणीला ते उत्तर म्हणून वाचून दाखवले गेले. मग गुजरातमधल्या सेविका आणि मदतनिसांच्या प्रकरणात २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला, की अंगणवाडी केंद्र ही १९७२ च्या उपदान कायद्याच्या अर्थाने आस्थापना आहे, आम्हाला मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या दृष्टीने वेतनच आहे आणि त्यामुळे सेविका व मदतनीस या दोघींनाही उपदान, म्हणजे ज्याला सगळे ग्रॅच्युइटी म्हणतात ते, लागू आहे. निकालाची बातमी मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्या डबे घासत होत्या. "म्हंजे आता आमका पगार म्हणतले?" असे त्यांनी विचारले. मी हो म्हटले. महिन्याच्या कागदावर मात्र शब्द मानधन हाच राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका आणि मदतनिसांनी संप पुकारला आणि तो दीड महिन्याहून अधिक चालला, तेव्हा त्याही मोर्चाला आल्या होत्या. घरी परत येताना त्यांना एकच काळजी होती, की पोरांची सवय मोडली तर परत अंगणवाडीत बसवायला दहा दिवस जातील.

आता त्या काय काम करत होत्या ते सांगते, कारण शोकसभेत ते कोणीच सांगितले नाही. माया केली, जीव लावला, असे सगळे म्हणाले. जून ते सप्टेंबर त्या सकाळी व्हाळापाशी उभ्या राहत. पूर्वी तेथे सुपारीच्या खोडांचा साकव होता, मग तो सिमेंटचा झाला, पण कठडा त्याला अजून नाही. पलीकडच्या आठ-दहा घरांतली मुले त्या एकेक करून कडेवर घेऊन अलीकडे आणत आणि दुपारी तशीच पोचवत. कोणत्या दिवशी पाणी किती चढले की मुलांना आणायचेच नाही, हे त्या पलीकडच्या काठावरच्या एका दगडावरून ठरवत. तो दगड कोणता हे त्यांनी मला एकदा दाखवले होते, पण पावसात मला तो आजही धडपणे ओळखता येत नाही.

महिन्याच्या वजनाच्या दिवशी काटा वाशाला टांगलेला असे. झोळीत बसवलेले मूल हातपाय झाडू लागले की काट्याची सुई स्थिर होत नाही आणि मग जे लिहिले जाते तो अंदाज असतो. त्या म्हणायच्या, "वजन तुम्ही लिवा, पोराक मी धरतंय." पण धरणे म्हणजे हाताने धरणे नव्हे, कारण हात लागला तर वजन चुकते. त्या मुलाच्या समोर बसून त्याच्याशी कावळ्याच्या आवाजात बोलत आणि ते ऐकत मूल निश्चल होई. तेवढ्या चार सेकंदांत मी आकडा वाचत असे. आमच्या केंद्राची वजने बरोबर असतात अशी शाबासकी मला दोनदा मिळाली. ती माझ्या सहीला मिळाली होती.

लावणीच्या दिवसांत आई शेतात असते, चूल उशिरा पेटते आणि मुलाचे वजन उतरते हे आरोग्याच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलेले आहे. पण कोणत्या घरी सून पाच महिन्यांची गरोदर असूनही सासूच्या आधी जेवत नाही, कोणत्या घरातला पोषण आहाराचा शिधा म्हशीच्या आंबोणात जातो आणि कोणत्या घरी तो मागितल्याशिवाय द्यायचा नसतो कारण त्यांना मागण्याची लाज वाटते, हे प्रशिक्षणात नसते. ते त्यांना माहीत होते आणि माझ्या नोंदींत जे काही खरे उतरले ते त्यांच्याकडून आले. अकरा नोंदवह्या झाल्या, मग २०२१ मध्ये मोबाइलवर पोषण ट्रॅकर आला. या सगळ्यांत सेविकेने भरायचे रकाने आहेत; मदतनिसाने सांगितले असा रकाना एकाही नोंदीत नाही. त्यांचे नाव येते ते फक्त हजेरीपटावर, आणि त्याचीही मोठी गंमत आहे, ती पुढे येईल.

मे २०२० मध्ये मुंबईहून चाकरमानी परतू लागले, शाळेच्या खोल्यांत त्यांना चौदा-चौदा दिवस ठेवले गेले आणि वाडीतली माणसे त्या वाटेने जायला तयार होईनात, तेव्हा त्या खोल्यांतल्या लहान मुलांचा शिधा दाराबाहेर नेऊन ठेवण्याचे काम आम्ही दोघींनी केले. पुढच्या वर्षी मे महिन्यातच तौक्ते वादळात आमचे दोन पत्रे उडाले आणि त्या भर वाऱ्यात येऊन धान्याची पोती आपल्या घरातल्या प्लास्टिकने झाकून गेल्या. त्यांच्या स्वतःच्या घराची अर्धी कौले तोपर्यंत गेलेली होती. हे मला दुसऱ्या दिवशी कळले. अशा गोष्टी शोकसभेत सांगितल्या की लोक हळहळतात आणि पुन्हा तेच म्हणतात, 'आईच ती!' मला मात्र यात प्रश्न दिसतो, की सरकारी धान्य वाचवण्यासाठी एका बाईला आपले घर उघडे टाकावे लागते आणि त्याची नोंद करायला आमच्याकडे एक ओळही नसते.

ज्या किनाऱ्यावर आम्ही राहतो त्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, डहाणूजवळच्या बोर्डीला, ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर होत्या. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, असा विचार तेथे पुढे आला आणि अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आलेला आहे. आमच्या व्यवसायाच्या इतिहासात हे नेहमी सांगितले जाते. माझ्या मनात मात्र त्यातून वेगळेच येते. मुलाने येण्याची वाट न पाहता त्याच्या अंगणात जाऊन उभे राहणे हा जर या कामाचा गाभा असेल, तर आजच्या अंगणवाडीत तो गाभा मदतनीस सांभाळते आणि मी, सेविका, नोंदवही सांभाळते. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे पुढची एकोणीस वर्षे, त्याच भागातल्या कोसबादच्या टेकडीवर काम चालवत राहिल्या. सहकाऱ्याची आठवण ठेवण्याचा याहून भक्कम नमुना मला आमच्या क्षेत्रात दिसत नाही, आणि त्या दोघींना एकमेकींचे काम तपशिलासह माहीत होते म्हणूनच तो शक्य झाला असावा.

मुलीच्या प्रश्नाकडे परत येते. शोकसभेनंतर सुमारे दोन महिन्यांनी, भाद्रपदात म्हाळाला, ती पुन्हा गावी आली तेव्हा आम्ही पडवीत बसून बराच वेळ बोललो. ती आणि तिचा भाऊ दोघेही आमच्याच अंगणवाडीत होते. आहार वाढताना त्या आपल्या मुलांना सगळ्यांत शेवटी वाढत, म्हणजे मावशीने आपल्या पोरांना जास्त दिले असे कोणी म्हणायला नको. मी हे त्यांच्या सचोटीचे उदाहरण म्हणून कित्येक प्रशिक्षणांत सांगितलेले आहे. मुलीला आठवत होते ते असे, की पातेल्यात शेवटी खरवड उरायची आणि ती तिच्या ताटात यायची. घरी गेल्यावर आई गप्प असायची, कारण दिवसभराचे बोलणे येथेच संपलेले असे; कावळ्याचा तो आवाज तिने घरी कधी काढला नाही. नवरा मुंबईत एका दुकानात कामाला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक भरल्या, त्यामागे अशी घरोघरची रिकामी पुरुषांची जागा आहे. अशा घरातली बाई दुसऱ्यांच्या मुलांवर जे उधळते ते कोठून तरी कमी करूनच आणते. आम्ही जिला आई म्हणून गौरवत होतो, तिच्या आईपणातला एक मोठा हिस्सा आम्ही अर्ध्या मानधनात विकत घेतला होता आणि तो ज्यांच्याकडून घेतला ती दोन मुले सभागृहात मागच्या रांगेत बसली होती.

बोलता बोलता मी साकवाची गोष्ट काढली, तर ती म्हणाली, "आवशीक पाण्याचा भय होता. तुमका ठावक नाय?" लहानपणी माहेरच्या खाडीत त्यांच्या पाठची बहीण बुडालेली होती. तेव्हापासून त्या गुडघाभर पाण्यातही उतरत नसत. समुद्र जवळ असूनही मुलांबरोबर त्या कधी किनाऱ्यावर गेल्या नाहीत. मला हे खरोखरच ठाऊक नव्हते. २६ पावसाळे मी त्यांना त्या व्हाळावरून मुले आणताना पाहिले होते आणि मुलांनी घाबरू नये म्हणून त्या गाणे म्हणतात असे समजत होते.

याच काळात सुतकाचा विचार माझ्या मनात पुष्कळदा आला. आपल्याकडे सुतक भावकीला असते. ज्या चुलतदिरांनी वाटणीच्या भांडणानंतर पंधरा वर्षे त्यांच्या पायरीवर पाऊल ठेवले नव्हते, त्यांनी दहा दिवस सुतक पाळले. मला सुतक नव्हते. त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी अंगणवाडी उघडली, कारण आहार आलेला होता आणि मुले यायची होती. सहकाऱ्याच्या मृत्यूसाठी रजा असा प्रकार आमच्या नियमांत नाही, आणि शास्त्रातही नाही. त्या माझ्या जागी असत्या तर त्यांनीही दार उघडले असते हे मला पक्के माहीत आहे, म्हणून याची फार तक्रार करत नाही. एवढेच म्हणते, की माणूस आयुष्यातले सर्वांत जास्त जागे तास ज्याच्याबरोबर घालवतो, त्या नात्याला आपल्या समाजाने अजून नाव दिलेले नाही. नाव नाही म्हणूनच आपण घाईघाईने आई, मावशी, बहीण असले तयार शब्द उचलतो.

माझ्या या म्हणण्यावर आमच्याच बीटमधल्या, म्हणजे एकाच पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या, एका जुन्या सेविकेने मला सुनावले, की तू आता मावशीलाही मॅडम म्हणायला लावणार का. नात्याचे शब्द गेले तर गावातली अंगणवाडी आणि शहरातले पाळणाघर यांत फरक काय राहिला? तिचे बोलणे मी उडवून लावत नाही. मुलांनी मदतनिसाला मावशीच म्हणावे. तीन वर्षांच्या मुलाला दुसरा शब्द कळणारही नाही आणि कळू नये. पण मुलाने मावशी म्हणणे आणि कार्यालयाने, पंचायतीने, शोकसभेच्या फलकाने मावशी म्हणणे यांत अंतर आहे. मूल मावशी म्हणते तेव्हा ते बदल्यात पूर्ण विश्वास देते. मोठी माणसे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी वाचवत असतात. शिवाय जिला चांगले वेतन मिळते ती प्रेम कमी करते, असे कोणी शिक्षिकेबद्दल किंवा परिचारिकेबद्दल म्हणत नाही. मदतनिसाबद्दलच ही शंका का यावी?

मग करायचे काय? सगळ्यांत आधी पैसे, कारण श्रद्धांजली वाहणाऱ्यांना त्यांचा उल्लेख सर्वांत जास्त खटकतो. त्या वारल्या तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यात सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन धरत आणि महिना सव्वीस दिवसांचा मानत. त्यामुळे २६ वर्षांच्या सेवेचा हिशेब अगदी सोपा होतो, अखेरच्या मासिक मानधनाच्या पंधरा पट रक्कम. एरवी लागणारी पाच वर्षांच्या सेवेची अटसुद्धा मृत्यू झाल्यास राहत नाही. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, आणि वारसाने अर्ज केलेला असो वा नसो, ती किती होते हे ठरवून लेखी कळवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे. म्हणजे चालायचे कोणी, हे कायद्यानेच सांगितले आहे. प्रत्यक्षात मेलेल्या बाईची मुले विरारहून रजा काढून येतात, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात आणि पुढच्या खेपेला आणखी एक दाखला घेऊन या असे ऐकून रात्रीची गाडी पकडतात. माझी मागणी फार मोठी नाही. सेवेत असताना मदतनीस वारली, तर कार्यालयातल्या एका माणसाने कागदांची यादी घेऊन तिच्या घरी जावे, आणि ते दहाव्याच्या आत व्हावे. शोकसभेला जीप येते, तर त्या जीपमधून कोरे अर्जही येऊ शकतात.

दुसरी गोष्ट मी स्वतःच सुरू केली आहे आणि तिला कोणाच्या मंजुरीची गरज पडली नाही. शंभर पानी वहीत मी त्यांचे काम लिहून काढते आहे. पलीकडची घरे कोणत्या क्रमाने घ्यायची, तो दगड कोठे आहे, झोळीतल्या मुलाशी कसे बोलायचे, कोणाच्या घरी शिधा पाटीखालून द्यायचा. नवी मदतनीस चांगली मुलगी आहे, बारावी झालेली आहे, पण पहिल्या पावसाळ्यात पलीकडची दोन मुले यायची बंद झाली आणि ती का बंद झाली हे आम्हा दोघींना दिवाळीपर्यंत कळले नाही. प्रत्येक केंद्रात अशी वही असावी आणि ती मदतनीस हयात असताना तिच्या तोंडून लिहून घेतलेली असावी, तिच्या पूर्ण नावानिशी. मी मात्र ती त्यांच्या मृत्यूनंतर लिहिते आहे, तिच्यात चुका आहेत आणि त्या दुरुस्त करणारे माणूस आता नाही. मुलीला मी ती वाचायला दिली. साकवाच्या पानावर तिने समासात पाण्याच्या भीतीची ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली.

हजेरीपटाची गंमत राहिली. लग्नात तांदळात नाव लिहून सुनेचे नाव बदलण्याची चाल आमच्याकडे होती. त्यांचेही बदलले. सातवी पास झाल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, म्हणून नेमणूक आणि हजेरीपट त्या नावाने. आधार, शिधापत्रिका आणि मृत्यूचा दाखला सासरच्या नावाने. पंचायतीत आणि वाडीत दोन्हींची कोणाला गरज पडली नाही, कारण सगळे मावशीच म्हणत. शोकसभेच्या फलकावर तर आडनावही चुकले होते. देण्याचे कागद गेल्यावर विचारणा आली, की या दोन नावांची बाई एकच कशावरून? तेव्हा यंदाच्या आषाढात मुलीने प्रतिज्ञापत्र केले आणि साक्षीदार म्हणून मी गेले. मुद्रांकावर टंकलेखकाने दोन्ही पूर्ण नावे लिहिली आणि खाली लिहिले, की वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती साक्षीदाराच्या प्रत्यक्ष ओळखीची होती. मी ते दोनदा वाचले. मयताशी नाते या रकान्यापाशी टंकलेखक थांबला आणि "मावशी लिहू?" असे त्याने विचारले. मी सहकारी लिहायला सांगितले, पुढे कंसात २६ वर्षे. कंसातले कशाला, म्हणून तो जरा कुरकुरला, पण त्याने लिहिले.